सरकीचे तूप

अ‍ॅगमार्कच्या तक्त्यात शुद्ध तूप एका प्रकारचे नाही. तुपातल्या वाफेबरोबर निघणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या आम्लांवरून एक आकडा काढतात; त्याला रायखर्ट-मायसल आकडा म्हणतात. साध्या तुपाला तो किमान २८ भरावा लागतो. 'कापूस पट्ट्या'तल्या तुपाला, म्हणजे जिथे जनावरांना सरकी सढळ हाताने खाऊ घालतात तिथल्या तुपाला, २१ पर्यंत सूट मिळते. एरवी वनस्पती तेलाची भेसळ म्हणून संशयात सापडले असते असे तूप कापसाच्या मुलखात शुद्ध ठरते. कायद्याने गाईच्या पोटापुढे एवढी माघार घेतलेली मला फार आवडते.

नागपूरहून वर्धा रोडने निघाले की बुटीबोरी लागते. एमआयडीसीची नळकांडी, इंडोरामाचा पॉलिएस्टरचा कारखाना, ट्रकांच्या रांगा. पण कारखान्यांची कुंपणे संपली की शेत तेच जुने: कपाशी, तूर, सोयाबीन. पॉलिएस्टरच्या गावाला अजून कापसाने वेढले आहे. कापूस गेला जिनिंगला, सरकी गेली तेलाच्या गिरणीत, आणि तेल काढून उरलेली ढेप आली कोठ्यात. पश्चिम महाराष्ट्रात जिला पेंड म्हणतात ती ही ढेप. संध्याकाळी टोपल्यात भिजू घातलेली ढेप जवळून पाहावी. काळपट टरफले, त्यांना चिकटलेले कापसाचे बारीक तंतू, मधेच पिवळसर गर, आणि पाणी पडताच उठणारा तेलकट, थोडा भाजका वास. त्यात कुटार, म्हणजे भुसा, कालवले की गाय मान वर करत नाही. 'ढेप नसन त फॅट लागत नाही जी,' हे या भागातल्या कोणत्याही दूधवाल्याच्या तोंडी ऐकू येईल.

वाक्य चुकीचे नाही, पण त्यामागची समजूत तपासायला हवी. ढेपेत सहा-सात टक्के तेल राहिलेले असते, ते पोटातून गाळून दुधात उतरते, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. गाईने खाल्लेले तेल गाईला मिळण्याआधी दुसऱ्यांच्या हाती पडते. देवाचा नैवेद्य आधी पुजाऱ्याने चाखावा आणि उरलेल्याचा स्वतःच्या हाताने वेगळाच पदार्थ करून देवापुढे ठेवावा, असा हा कारभार आहे. पुजारी म्हणजे कोठीपोटातले, गाईच्या पहिल्या पोटातले, जिवाणू. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरांच्या वर असते आणि त्यातल्या एका मिलिलिटरात हजार कोटींच्या घरात जीव नांदतात.

तेल तिथे पोचले की आधी त्याची मोडतोड होते. ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले सुटी केली जातात. ग्लिसरॉल जिवाणू लगेच आंबवून टाकतात. सरकीच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते, साखळीत दोन दुहेरी बंध असलेले. हे आम्ल जिवाणूंना विषासारखे आहे, त्यांच्या पेशीचे आवरण ते ढिले करते. म्हणून ते निरुपद्रवी करायचे, तर बंध उघडायचे आणि तिथे हायड्रोजन बसवायचा. हे एका झटक्यात होत नाही. आधी एक बंध जागा बदलतो, मग एक भरला जातो आणि वाटेत व्हॅक्सेनिक नावाचे ट्रान्स आम्ल तयार होते. शेवटी दुसराही बंध भरला की उरते स्टिअरिक आम्ल, घट्ट आणि संपृक्त. खाल्लेल्या लिनोलेइक आम्लाचा ७० ते ९५ टक्के भाग असा बदलून जातो. कोठीपोटातल्या रसात हे घडते हे रेमंड रायझर यांनी १९५१ मध्ये दाखवले.

आता हीच क्रिया माणसाने कारखान्यात केली त्याची गोष्ट आठवा. विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतले. निकेलची भुकटी, दीड-दोनशे अंश उष्णता, दाबाखालचा हायड्रोजन. पातळ तेल घट्ट झाले. १९३७ मध्ये 'डालडा' हे वनस्पती तूप बाजारात आले आणि पुढच्या दशकात वनस्पती तुपाविरुद्ध रान उठले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिले. बुटीबोरीवरून हाच रस्ता पुढे वर्ध्याला जातो, जिथे जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले होते. त्यांच्या बाजूने हे सारे न्याय्यच होते. स्वस्त वनस्पती मिसळून तूप म्हणून विकणाऱ्यांनी गवळ्याचे कंबरडे मोडले होते. भेसळ पकडता यावी म्हणून पुढे सरकारने वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले. त्याला आम्ल आणि फरफ्युरल लावले की लाल रंग येतो. पण त्या भांडणात एक गोष्ट कुणी बोलले नाही. 'घट्ट केलेले तेल' म्हणून ज्याची हेटाळणी झाली ते काम गाय ३९ अंशांवर, निकेलशिवाय, रोज करत होती. तेल घट्ट करणे हा गुन्हा असेल तर पहिली आरोपी गोमाताच. फरक अर्धवट राहिलेल्या मालात होता: कारखान्यात ट्रान्स बंध साखळीवर वाटेल तिथे आणि भरपूर बसत, गाईच्या पोटात ते थोडेच आणि बहुतांशी एका ठराविक जागी.

वासराचा प्रकार वेगळा. ते आचळाला लुचते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळी होते आणि दूध कोठीपोटाला बगल देऊन थेट चौथ्या, खऱ्या पोटात जाते. आईच्या दुधातला स्निग्धांश जिवाणूंच्या हाती लागू नये, अशी ही सोय. वासराला सरकी मात्र जपून द्यावी लागते. सरकीतले गॉसिपॉल मोठ्या गाईचे कोठीपोट पचवते, वासराचे अजून तयार झालेले नसते.

आतड्यात शोषलेले स्टिअरिक आम्ल कासेत पोचते आणि तिथे उलट खेळ सुरू होतो. कासेतले एक विकर त्यातल्या बऱ्याचशा भागाला पुन्हा एक दुहेरी बंध देते. स्टिअरिकचे ओलेइक होते. तसे झाले नाही तर दुधातला मेद गाईच्या अंगाच्या उष्णतेलाही पातळ राहणार नाही. पोटाने बंध भरायचे आणि कासेने उघडायचे, असा हा उरफाटा संसार. सरकी इथेही आड येते. तिच्यातली दोन विचित्र आम्ले, त्यांच्या साखळीत एक चिमुकले कडे असते, त्या विकराला अडवतात. म्हणून सरकीवरल्या गाईचे लोणी अधिक कडक आणि तूप अधिक रवाळ लागते. हीच आम्ले थोडी दुधात उतरत असल्याने सरकीच्या तेलासाठी असलेल्या हॅल्फेन चाचणीत निर्दोष तूपही लाल होते. प्रयोगशाळेतल्या माणसाला दुकानदार चोर वाटतो आणि चोरी गव्हाणीत झालेली असते.

आता तो २१ चा आकडा. दुधातल्या मेदाचा साधारण निम्मा भाग तेलातून येतच नाही. जिवाणू कुटार-कडबा आंबवतात, त्यातून अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल निघते, आणि त्यावर कास स्वतः आखूड साखळ्या रचते. तुपाचा वास-चव त्यांच्यामुळे. सरकीतून लांब साखळ्यांचा पुरवठा वाढला की कास ही घरची रचना आवरती घेते. आखूड आम्ले कमी पडतात, आकडा घसरतो. म्हणजे नागपुरी दूधवाल्याची ढेप वजन वाढवते, पण चवीची गाठ कुटाराशी आहे. ढेपेचा भाव पडो की चढो, कुटाराला कुणी मोल देत नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

तेलाला मर्यादाही आहे. आहाराच्या कोरड्या वजनात मेद सहा-सात टक्क्यांवर गेला की जिवाणू मागे पडतात, चारा पचेनासा होतो. पिठूळ खुराक भरपूर आणि चारा कमी झाला तर हायड्रोजन बसवण्याची वाट बदलते, एक वेगळे ट्रान्स आम्ल तयार होते आणि ते अत्यल्प प्रमाणातही कासेतली मेदरचना दाबून टाकते. दूध तेवढेच, फॅट तुटलेली. संकलन केंद्रावर त्या दिवशी यंत्राला शिव्या पडतात.

यावर बाजाराने तोडगा काढला आहे, बायपास फॅट. पाम तेलाच्या आम्लांचा चुना घालून केलेला साबणच तो. कोठीपोटात विरघळत नाही, खऱ्या पोटातल्या आम्लात फुटतो. जिवाणूंना टाळून पामिटिक आम्ल सरळ कासेत. गाईला वासराची पन्हळ जणू विकत मिळाली. व्याल्यानंतर खंगणाऱ्या जास्त दुधाच्या गाईला त्याचा उपयोग आहे, यात वाद नाही. घरच्या दोन लिटर देणाऱ्या गवळाऊ गाईला तो खर्च झेपणारा नाही आणि तिला गरजही नाही. पण गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून उरलेल्या घन भागाला) बांधलेला असताना पिशवी खपणारच. मलेशिया-इंडोनेशियातले पाम वर्धा रोडवरच्या दुधात आले, आणि त्या दुधाचे तूप कापूस पट्ट्यातले म्हणायचे की नाही, हे ठरवायला आता तक्त्यात तिसरा रकाना लागेल.