स्वस्थ बसलेली पेशी

माझी पुतणी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाशिक जिल्ह्यातला हा कांद्याचा मुलूख. पेशीविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला कांदा घरूनच जातो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मला तिने एकदा आपली प्रयोगशाळा दाखवायला नेले.

पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवला, की दोनतीन दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकतात. पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थिजून मरते. मग तिला रंग देऊन काचेखाली चेपायचे. जीव कसा वाढतो हे पाहायचे, तर आधी तो थांबवावा लागतो!

मी भिंगाला डोळा लावला. एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे दोन झुबके एकमेकांपासून दूर जाता जाता थबकलेले होते. बाकीच्या बहुतेक पेशी नुसते गोल केंद्रक घेऊन बसलेल्या. मी म्हटले, "या आळशी दिसतात."

"नाही काका. पूर्वी या अवस्थेला विश्रांतीच म्हणत. पण १९५३ साली हॉवर्ड आणि पेल्क यांनी एका शेंगभाजीच्या मुळांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन पाहिला. डी. एन. ए. दुप्पट होतं ते याच काळात. बाहेरून दिसत नाही, एवढंच."

मला वीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. सातवीत खिडकीपाशी बसे. विचारले तर गप्प. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याच्या डोक्यात काही शिरत नाही. कामाला लावा." त्यांनी माझे ऐकले.

तो शिकता तर विद्वान झाला असता, असे मी म्हणत नाही. मुळातली प्रत्येक पेशीही विभागत राहत नाही. कितीएक पाणी वाहण्याच्या कामाला लागतात. पण मला दिसले नाही ते नाहीच, असे मी कशावरून ठरवले? माझी पुतणी निष्कर्ष लिहिण्याआधी शेकडो पेशी मोजते. मी एका मुलाला एका बाकावर पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

पारखल्यावाचून शिकवता येत नाही, हे खरे. सहामाहीचे पेपर आता समोर आहेत. गुण द्यावेच लागतील. ते त्या दिवसापुरते खरे, एवढे ध्यानात ठेवीन. पेशीला विश्रांती घेणारी म्हटले म्हणून तिचे काही बिघडले नाही. ती आपले काम करीतच राहिली. मुलाला मात्र ऐकू येते. तो वडिलांच्या शेजारीच उभा होता.