भाकर वाटणाऱ्याचे दुखणे

यशयाच्या पुस्तकाचा 58वा अध्याय उपवासकाळात हमखास वाचला जातो. त्यात लोकांची देवाकडे तक्रार आहे. आम्ही उपास करतो, जिवाला क्लेश देतो, आणि तुझे आमच्याकडे लक्षही नाही! बहुतेक अभ्यासकांच्या मते ही बाबेलच्या बंदिवासातून परतलेली माणसे. नगराचा तट पडलेला, घरे नव्याने उभी करायची, अंगात त्राण नाही. अशा थकल्या माणसांना देव सांगतो की मला हवा असलेला उपवास निराळा आहे: जुवाखाली दबलेल्याला मोकळे करा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, निराश्रिताला घरात घ्या, उघड्याला पांघरूण द्या, रक्ताच्या माणसाला टाळू नका. आणि लगेच पुढच्या, आठव्या वचनात आश्वासन येते की असे केलेत तर तुमचे दुखणे लवकर बरे होईल.

इथे मी दरवेळी थांबतो. भाकर मिळाली भुकेल्याला, पांघरूण मिळाले उघड्याला. पण बरे होणार आहे ते देणाऱ्याचे दुखणे. आजारी माणसाला आपण विश्रांती घे, स्वतःकडे बघ असे सांगतो. संदेष्टा त्याला दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला सांगतो.

गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्र आणि मानसशास्त्र याच प्रश्नाशी येऊन पोहोचले आहे. 2003 साली अमेरिकेतल्या 423 वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातलगांना मदतीचा हात देणाऱ्या, जोडीदाराला मनाचा आधार देणाऱ्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नुसता आधार मिळणाऱ्यांमध्ये तसा लाभ दिसला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या 20व्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना निरोप देताना प्रभूची आठवण करून देतो, की घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे. ती धन्यता आपण फक्त आत्म्याच्या खात्यावर मांडत आलो. शरीरालाही तिची खबर लागते, असे आता दिसते आहे.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो 2013 साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला प्रयोग. शाळेतल्या 106 मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतल्या लहान मुलांना मदत करायची. दुसऱ्या गटाची पाळी नंतर. दहा आठवड्यांनी रक्त तपासले तेव्हा मदत करणाऱ्यांच्या रक्तात दाह दाखवणारे घटक कमी होते, कोलेस्टेरॉलही कमी होते. हृदयविकाराची सुरुवात ज्या गोष्टींपासून होते त्याच या गोष्टी. आणि सगळ्यांत जास्त फरक कोणात पडला? ज्यांच्या मनात दुसऱ्याविषयीचा कळवळा सगळ्यांत जास्त वाढला त्यांच्यात. हात तर सगळ्यांचेच राबले होते.

शरीर असे का वागते हे काही अंशी समजते. सतत स्वतःच्या चिंतेत असलेले मन धोक्याच्या पवित्र्यात राहते. ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते, रक्तदाब चढतो, झोप उडते, पचन बिघडते. दुसऱ्याच्या दुःखात मनापासून लक्ष गुंतले की निदान तेवढा वेळ हा पहारा सैल पडतो.

पण आरोग्यासाठी म्हणून दया करायला निघालो तर? याचेही उत्तर एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1957 साली शाळा पूर्ण केलेल्या हजारो विद्यार्थ्यांची माहिती पुढे अनेक दशके गोळा होत राहिली. ते म्हातारपणाकडे झुकल्यावर त्यांतल्या स्वयंसेवकांना विचारले गेले की तुम्ही हे काम कशासाठी करता. इतरांसाठी करणाऱ्यांमध्ये पुढल्या चार वर्षांत मृत्यू कमी झाले. स्वतःला बरे वाटावे म्हणून करणाऱ्यांमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण काहीच सेवा न करणाऱ्यांइतकेच राहिले. हे वाचले आणि डोंगरावरच्या प्रवचनातली ती सूचना आठवली, की उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये. लूकच्या 14व्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो की मेजवानीला श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते परतफेड करतील. ज्यांना फेडता येणार नाही अशांना बोलाव. दया औषधाच्या गोळीसारखी मोजून घेता येत नाही. म्हणून आरोग्याचे फायदे सांगून दयेचा प्रचार करणारी भाषणे मला आवडत नाहीत. त्यांत गरजू माणूस आपल्या तब्येतीचे साधन होऊन बसतो, आणि ख्रिस्ताने तर त्याच माणसात स्वतःला पाहायला सांगितले आहे.

दया प्रत्यक्षात कशी दिसते? आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात. यजमान गेल्यापासून एकट्या राहतात, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. दर गुरुवारी त्या सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात जातात आणि ज्यांना कोणी नाही अशांचे केस विंचरतात. महिनाभर पाठीवर पडून राहिलेल्या बाईच्या डोक्यामागे केसांची जट होते. उशीला घासून घासून ती नमद्यासारखी घट्ट बसते. बाई आधी खोबरेल तेल चोळून ठेवतात, दुसऱ्या पेशंटकडे जाऊन येतात, मग मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर सरकत एकेक बट मोकळी करतात. मुळाशी दुखू नये म्हणून दुसऱ्या हाताने केस धरून ठेवतात. घाई केली तर त्या पेशंटच्या डोळ्यांत पाणी येते, म्हणून घाई नाही. वेणी झाली की आरसा दाखवतात. मी एकदा विचारले, "बाई, तुमचं बीपी कसं आहे?" म्हणाल्या, "बीपी आहे तिथंच आहे. पण गुरुवारी रात्री झोप लागते."

यशयाच्या त्या वचनाजवळ मला आणखी एक बाई दिसतात, पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच पती गेले. पोटातली भूक आणि घरातले मरण दोन्ही त्यांनी भोगले होते. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या. स्वतःचे जुने दुःख उघडे पडेल म्हणून दूर राहणे त्यांना सहज शक्य होते. त्या हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. भाकर, वस्त्र, निवारा, तोडलेले जू: यशयाची सगळी यादी तिथे रोजच्या कामाची यादी झाली.

आणि पुढे याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणले. म्हणजे यशयाचा 58वा अध्यायही त्यांच्या हाताखालून गेला. केडगावच्या छापखान्यात तिथल्याच मुली आणि बायका खिळे जुळवत होत्या. कधी काळी स्वतः भुकेल्या असलेल्या हातांनी भुकेल्याला भाकर देण्याची आज्ञा खिळ्याखिळ्याने जुळवली, याचा विचार आला की मी तो अध्याय सावकाश वाचतो. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालेले त्यांना पाहता आले नाही. दयेने त्यांना दुःखातून सूट मिळवून दिली नाही. दुःखाने त्यांना आतून कडू केले नाही, एवढे मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहून म्हणता येते. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता फादर डेमियन 1889 साली त्याच रोगाने वारले. क्रुसाखाली उभे राहणाऱ्याला दीर्घायुष्याची हमी मागता येत नाही.

म्हणून उगाच झिजावे असेही नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता सुमारे हजार मीटर खाली जातो. त्या उतारावर येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने लुटल्या गेलेल्या वाटसरूच्या जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्याला बसवले, उतारशाळेत नेऊन सांभाळले. दुसऱ्या दिवशी मात्र उतारशाळेच्या मालकाकडे पैसे दिले, जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला. घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असलेल्या प्रत्येक सुनेला, मुलीला, मुलाला ही गोष्ट सांगायला हवी. भार दुसऱ्याच्या हाती सोपवणे दयेतच बसते. खुद्द येशूने शिष्यांना गर्दीतून बाजूला नेऊन विसावा घ्यायला सांगितले होते.

यशयाच्या यादीतली शेवटची आज्ञा वाचताना आपण घाई करतो: रक्ताच्या माणसाला टाळू नका. माझ्या मते सगळ्यांत अवघड तीच. अनाथाश्रमाला धान्याचे पोते पाठवणे सोपे आहे. सामाईक बांधावरून कोर्टात गेलेल्या भावाच्या दारात जाणे कठीण. वर्षानुवर्षे धरलेला राग रक्तदाबाला काय करतो हे कोणताही डॉक्टर सांगेल, आणि मत्तयाच्या 5व्या अध्यायात प्रभू वेदीसमोरून उठून आधी भावाकडे जायला सांगतो.

असे एखादे नाव बहुतेक प्रत्येक घरात असते. आज प्रार्थनेत पहिले ते नाव घ्या. न्याहारी झाली की फोन लावा, गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते विचारा, मुलांची चौकशी करा. बांधाचा विषय आज काढू नका.