पुरावा कुठवर बोलतो?

‘सीएसआय : क्राइम सीन इन्व्हेस्टिगेशन’ ही अमेरिकी मालिका सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली आणि २०१५ पर्यंत चालली. लास व्हेगासच्या पोलीस प्रयोगशाळेतील तज्ज्ञांभोवती फिरणाऱ्या तिच्या कथांच्या मुळाशी एक ठाम श्रद्धा होती : साक्षीदार विसरतो, आरोपी खोटे बोलतो, पण घटनास्थळी राहून गेलेला केस किंवा रक्ताचा डाग खोटे बोलत नाही. या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा मालिकेने स्वतःच एकदा मांडली आणि अर्ध्यावर सोडून दिली. ती परीक्षा म्हणजे पाचव्या पर्वाची अखेर करणारी ‘ग्रेव्ह डेंजर’ ही दोन भागांची कथा.

क्वेंटिन टॅरँटिनो या चित्रपट दिग्दर्शकाने दिग्दर्शित केलेली ही कथा १९ मे २००५ रोजी प्रक्षेपित झाली. निक स्टोक्स या तपासनिसाचे अपहरण होते आणि त्याला एका पारदर्शक पेटीत जिवंत पुरले जाते. पेटीतील कॅमेऱ्यामुळे सहकाऱ्यांना तो दिसू शकतो. मात्र त्याला पाहण्यासाठी दिवा लावला की हवा खेळवणारा पंखा बंद पडतो. खंडणी घेऊन आलेल्या गिल ग्रिसम या प्रमुखासमोरच अपहरणकर्ता वॉल्टर गॉर्डन स्वतःला स्फोटात उडवून घेतो. ठिकाण सांगू शकणारा एकमेव माणूस असा संपल्यामुळे पुढचा सारा भार वस्तूंच्या साक्षीवर येऊन पडतो.

ती साक्ष अखेर मुंग्या देतात. ग्रिसम हा कीटकतज्ज्ञ आहे. न्यायसहायक कीटकशास्त्राचा, म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठी कीटकांच्या ज्ञानाचा उपयोग करणाऱ्या शाखेचा, नेहमीचा विनियोग मृतदेहावरील माश्यांच्या अळ्यांची वाढ पाहून मृत्यूची वेळ अजमावण्यासाठी होतो. येथे मात्र निकला चावणाऱ्या लाल मुंग्यांची जात ओळखून, लास व्हेगासभोवतीच्या कोरड्या वाळवंटात ती आढळणार नाही, रोपवाटिकेच्या ओल्या मातीतच आढळेल, असा निष्कर्ष काढला जातो आणि शोध योग्य जागी पोहोचतो. मृत्यूची वेळ सांगणारे शास्त्र येथे जिवंत माणसाची जागा सांगते, ही कल्पना खरोखरच सुंदर आहे.

परंतु कथेचा गाभा मुंग्यांमध्ये नसून अपहरणकर्त्याच्या हेतूमध्ये आहे. वॉल्टरची मुलगी केली हिला खुनात साथ दिल्याबद्दल शिक्षा झालेली असते आणि फोमच्या पेल्यावरील डीएनए तिच्याविरुद्धच्या पुराव्याचा भाग असतो. ती निर्दोष आहे अशी बापाची खात्री असते, आणि तिच्या प्रकरणातील पुरावा हाताळणाऱ्या विभागाकडून तो सूड उगवतो. केली खरोखर निर्दोष होती काय, या प्रश्नाला कथा उत्तर देत नाही. शेवटी निक तुरुंगात जाऊन तिला भेटतो. त्या भेटीत करुणा आहे, पण तिचा खटला पुन्हा तपासावा असे कोणालाही वाटत नाही. मुंग्यांवर विसंबून निकला वाचवणाऱ्या कथेने पेल्याकडे पाठ फिरवावी, हे तिचे मोठे न्यून आहे.

कारण न्यायसहायक विज्ञानातील सर्वांत अवघड प्रश्न नेमका त्या पेल्यावर आहे. शास्त्रज्ञ या संदर्भात दोन पातळ्या वेगळ्या करतात. हा डीएनए कोणाचा, हा पहिल्या, म्हणजे स्रोताच्या पातळीवरचा प्रश्न. तो तेथे कसा व केव्हा आला, हा दुसऱ्या, म्हणजे कृतीच्या पातळीवरचा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा थक्क करणाऱ्या अचूकतेने देऊ शकते, परंतु त्या अचूकतेचे तेज दुसऱ्या प्रश्नावर आपोआप पडत नाही. पेला हलका असतो, एका जागेवरून दुसरीकडे सहज नेता येतो, आणि त्यावरून कोणी पाणी प्यायले एवढ्यावरून त्या व्यक्तीने गुन्ह्यात भाग घेतला असे सिद्ध होत नाही.

हे केवळ तर्काचे खेळ नव्हेत. जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एप्रिल २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तेव्हा तेथे सापडलेला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळालेल्या एका अज्ञात स्त्रीच्या डीएनएशी जुळला. दोन वर्षे पोलीस या स्त्रीचा माग काढत राहिले. २००९ मध्ये कळले की नमुने गोळा करण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्याच कारखान्यात दूषित झाल्या होत्या. त्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये तर खून झालेल्या गृहस्थाच्या नखांखालील डीएनए ज्याचा निघाला, तो माणूस त्या रात्री अतिमद्यपानामुळे रुग्णालयात होता. त्याला हाताळणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच पुढे मृताकडे गेले होते. हे उलगडेपर्यंत त्या निरपराध माणसाला काही महिने तुरुंगात काढावे लागले. दोन्ही प्रकरणांत डीएनएची जुळणी बरोबरच होती.

डीएनएची ही कथा, तर इतर पद्धतींची अवस्था अधिक नाजूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ च्या अहवालात म्हटले की पेशीकेंद्रातील डीएनएचे विश्लेषण वगळता कोणतीही पद्धत एखाद्या नमुन्याचा विशिष्ट व्यक्तीशी संबंध सातत्याने व उच्च निश्चिततेने दाखवू शकते हे काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही. बोटांच्या ठशांबाबतचा गाफीलपणा त्याआधीच उघडा पडला होता : २००४ च्या माद्रिद रेल्वे बाँबस्फोटांनंतर एफबीआयने एका ठशावरून ब्रँडन मेफील्ड या ओरेगॉनच्या वकिलाला ताब्यात घेतले, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचाच असल्याचे दाखवल्यावर त्याची सुटका झाली.

अशा मालिकांमुळे ज्यूरीतील सामान्य नागरिक प्रत्येक खटल्यात प्रयोगशाळेचा पुरावा मागू लागतात, या समजुतीला ‘सीएसआय परिणाम’ म्हणतात. मिशिगनमधील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी सुमारे १,००० संभाव्य ज्यूरी सदस्यांची पाहणी केली, तेव्हा ४६ टक्क्यांना प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही वैज्ञानिक पुरावा अपेक्षित होता. मात्र मालिका पाहणारे आणि न पाहणारे यांच्या निर्णयात लक्षणीय फरक आढळला नाही. या चर्चेचा रोख चुकीच्या भीतीकडे आहे. पुरावा मागितला जाणे हे चांगलेच. धोका आहे तो मिळालेल्या पुराव्याला पुढचा प्रश्न न विचारण्यात.

भारतात ज्यूरी उरलेली नाही, तरी हा धोका येथेही तितकाच खरा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक होत आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु त्याच संहितेचे कलम ३२९, जुन्या कायद्यातील कलम २९३ प्रमाणेच, विशिष्ट सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्यांची तोंडी साक्ष न घेताही पुरावा म्हणून वापरू देते. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते, पण बोलावलेच पाहिजे असे नाही. प्रयोगशाळांकडे जाणारी पाकिटे आता वाढणार आहेत. डीएनए जुळला, एवढेच सांगणाऱ्या अहवालावर तो तेथे कसा पोहोचला असावा हे विचारण्यासाठी तज्ज्ञाला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावण्याचा आग्रह बचावाच्या वकिलालाच धरावा लागेल, आणि ज्या आरोपीला विनामूल्य विधी सहाय्यातून वकील मिळतो, त्याच्या वतीने हा आग्रह धरला जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.