जुळलेला हिशोब

हिशोब जुळला म्हणजे तो खरा झाला काय, हा प्रश्न आम्हां कारकून मंडळींना नवा नाही. नोंदवहीची बेरीज बिनचूक जुळावी आणि कोठाराचे दार उघडताच तीतील निम्म्या घोंगड्या कसरीने खाल्लेल्या निघाव्यात, असा प्रसंग आम्ही पाहिला आहे. त्या पत्रकाखाली सही आमचीच होती.

या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा वळलो ते अनपेक्षित वाटेने. अभियांत्रिकी शिकणारा आमचा मेहुणा सुटीत आमच्या क्वार्टरात राहावयास आला, तेव्हा त्याच्यापाशी सुहास पाटणकरांचे १९८० सालचे ‘न्युमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’ हे पुस्तक होते. पाटणकर मूळचे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ साली जी रीत प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘सिंपल’.

नळातील पाणी किंवा भट्टीतील तप्त हवा कशी वाहील हे संगणकावर काढावयाचे, तर त्या जागेची लहान लहान घरे पाडतात. प्रत्येक घरात जितके आले तितके बाहेर गेले पाहिजे. अडचण दाबाची. वेग काढण्यास दाब हवा, आणि पाण्यासारख्या प्रवाहात दाबाला स्वतःचे असे वेगळे समीकरण नाही. म्हणून दाब आधी अंदाजाने धरतात, त्यावरून वेग काढतात. आवक-जावक अर्थातच जुळत नाही. त्या तफावतीवरून दाब सुधारतात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. शिवाय दाबाची दुरुस्तीही सबंध न घेता तिचा काही अंशच घ्यावयाचा, नाही तर आकडे भरकटतात. चूक गृहीत धरून आरंभ करावा व दुरुस्तीतही उतावीळ होऊ नये! साहेबांच्या शेऱ्यांना हा नियम लागू करता आला असता तर किती बरे झाले असते.

“अखेर सारे जुळले म्हणजे भट्टीत तसेच घडते ना?” आम्ही विचारले.

“भाऊजी, आकडे बदलावयाचे थांबले, एवढेच त्यावरून कळते,” तो म्हणाला. घरे मोठी पाडली असतील तर जुळलेले उत्तरही चुकते. आणि प्रक्षुब्ध प्रवाहासाठी जे स्थिरांक वापरतात, ते प्रयोगातील मोजमापांशी ताडूनच ठरविलेले असतात.

मग प्रत्येक उत्तर मोजूनच घ्यावे, असे म्हणावे काय? तेही खरे नव्हे. न बांधलेल्या भट्टीत तापमापक कोठे बुडवावा? तेथे गणितावर विसंबणे भागच आहे. आमचा आक्षेप विसंबण्याला नाही. काय गृहीत धरले ते झाकून ‘संगणकाने काढले’ एवढेच टिपणात लिहिण्याला आहे. संगणक सही करीत नाही.

लुईस फ्राय रिचर्डसन याने हातानेच असे गणित केले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या वाहनपथकावर असताना, सवड काढून, २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारने वाढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हलला नव्हता. रिचर्डसनने हे उत्तर १९२२ सालच्या आपल्याच पुस्तकात सविस्तर छापले. ते छापले होते म्हणूनच पुष्कळ वर्षांनी इतरांना ते तपासता आले, व दोष रीतीत नसून आरंभीच्या असंतुलित आकड्यांत होता हे उमगले.

घोंगड्यांच्या पत्रकात आम्ही ‘प्रत्यक्ष पाहिले नाही’ असे लिहू शकलो असतो. त्यासाठी रकाना नव्हता, ही सबब आम्ही तेव्हा स्वतःस सांगितली होती. यंदा पत्रक येताच आम्ही कोठाराची किल्ली मागितली. ती मिळण्यास चार दिवस लागले.