काचेच्या पेटीतील जोडी

काही महिन्यांपूर्वी एका घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या बाजूचे घर. ओसरीवरून कोर्लईचा किल्ला दिसतो. घरातील तरुण आखातातील नोकरी संपवून परतलेला. दिवाणखान्यात त्याने काचेची मोठी टाकी मांडली होती आणि तीत चक्क खारे पाणी होते. मला हसू आले. दारात समुद्र, अंगणात वाळत घातलेली जाळी, आणि हा गडी पाकिटातले मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून घरात समुद्र तयार करतो! त्याचे म्हणणे मात्र खरे होते. आपल्या किनाऱ्याचे पाणी गाळाचे; पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने त्याचा खारेपणा एकदम उतरतो. प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या माशाला ते मानवत नाही.

टाकीत दोन विदूषक मासे होते. दुकानात त्यांना क्लाउन फिश म्हणतात. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटापासून मुले त्यांना नुसते ‘निमो’ म्हणतात. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. एक मासा ऐटीत मधोमध फिरत होता. दुसरा, आकाराने लहान, वरच्या कोपऱ्यात नळीमागे दडून बसला होता; त्याची शेपटी फाटली होती.

“जोडी लावायला आणले आहेत, फादर,” तरुण म्हणाला. “आठवडा झाला. दुकानदार म्हणतो, थांबा, होईल सवय. तुम्हीच सांगा, थांबू की काढू?”

माशांतले मला काही कळत नाही. परंतु ‘होईल सवय’ हे वाक्य माझ्या चांगल्या परिचयाचे होते. ते मी स्वतः उच्चारलेले आहे, आणि कोणापुढे तेही मला आठवते. त्याकडे पुढे येतो.

त्या दिवशी उत्तर न देता परतलो आणि या माशाविषयी जे मिळाले ते वाचून काढले. त्याची कथा विलक्षण आहे. हा मासा जन्मतः ना पुरता नर असतो, ना मादी. समुद्रपुष्पाच्या विषारी बाहूंच्या आश्रयाने त्यांचे लहानसे कुटुंब राहते. त्यात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तो नर. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत खाली राहतात. मादी मेली की नराचीच मादी होते आणि खालच्यांतील सर्वांत मोठा मासा नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली हे जगासमोर मांडले. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन प्रौढ माद्या एका टाकीत सोडल्या तर बहुधा एकीचा जीव जातो. जोडी लावणारा जाणकार त्यामुळे एकाच जातीचे दोन मासे निवडतो, एक ठळकपणे मोठा आणि एक लहान. किंवा दोन्ही अगदी पिल्ले घेऊन त्यांचे थोर-धाकटेपण त्यांनाच ठरवू देतो. धाकट्याने आडवे होऊन अंग थरथरवले की शरणागती पोचली, असे समजतात. पुढे अंडी घातली गेली तर त्यांची राखण प्रामुख्याने हा धाकटा, म्हणजे नर, करतो. पंखांनी वारा घालून आठ-दहा दिवस तो ती जपतो.

याहून अधिक चटका लावणारी गोष्ट पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने २००३ साली पापुआ न्यू गिनीतील माशांविषयी प्रसिद्ध केली. खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या आकाराशी बरोबरी होऊ लागली तर तो घराबाहेर हाकलला जाईल, आणि समुद्रपुष्पाबाहेर त्याला मृत्यूच आहे. लहान राहणे हे त्याने दिलेले घरभाडे आहे.

हे वाचताना माझ्यातील प्रवचनकार जागा झाला, हे कबूल करतो. विवाहपूर्व शिबिरासाठी केवढा दृष्टान्त! पण कोणता? निसर्गात घर एकाच्याच हुकमतीवर चालते, असे सांगायचे, तर येथे हुकमत मादीची आहे. आपल्या गावातील कित्येक पुरुषांना तो दृष्टान्त रुचणार नाही. बाप लेकरे सांभाळतो असे सांगायचे, तर शरणागतीची थरथरही सांगावी लागेल. रोमन कायदेपंडित उल्पियन म्हणे की, निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकविले तो निसर्गनियम. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांशी असलेले आपले हे साम्य मान्य केले. परंतु मानवी निसर्गाचा विशेष विवेक आहे, हे सांगितल्यावाचून ते थांबले नाहीत. मासा जे करतो त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. मोठा मासा दुष्ट नाही, धाकटा सोशिक नाही. त्या टाकीत नैतिक प्रश्न ज्याला लागू होतो असा एकच जीव आहे, आणि तो काचेच्या बाहेर उभा आहे.

त्यानेच हे दोघे निवडले. त्यानेच त्यांना अशा जागी ठेवले की हरणाऱ्याला पळायला वाव नाही. समुद्रातही हाकललेल्याचे जगणे कठीणच. पण तेथे निदान त्या दोघांना कोणी आणून सोडलेले नसते. मासे पाळूच नयेत, असे मी म्हणत नाही. ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात या माशांची पैदास होते, आणि प्रवाळांतून ओरबाडून आणलेल्या माशापेक्षा असे पैदास केलेले पिल्लू घेणे केव्हाही योग्य. परंतु वीस वर्षांहूनही अधिक जगू शकणाऱ्या जिवाची जोडी लावणे हे एका दिवसाचे काम नव्हे.

आता ते वाक्य. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मीच लग्न लावलेली एक तरुणी माझ्या कार्यालयात आली होती. नवऱ्याचा हात उठत असे. ती फारसे बोलली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मी म्हणालो, “अगं, थोडं जुळवून घे. होईल सवय.” ती “बरं, फादर” म्हणाली आणि गेली. नंतर घर शांत झाले असे कानावर आले आणि मला समाधान वाटले. शांतता म्हणजे जुळणे, असा माझा समज होता. ती शांतता कोणी आपली वाढ आवरून विकत घेतली आहे, हे मी पाहिले नाही.

अज्ञानाची सबब मला नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यात १०५७वे कलम सांगते की विवाह उभयतांच्या संमतीने होतो आणि ती संमती दुसरे कोणीही पुरवू शकत नाही. ११५३वे कलम सांगते की जोडीदाराकडून देहाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे. विलंब धोक्याचा असेल तर पीडित व्यक्ती स्वतःच्या अधिकाराने वेगळी होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील प्रबोधपत्रात, कधी कधी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे स्पष्ट लिहिले. त्यासाठी मला २०१६ पर्यंत थांबण्याची गरज नव्हती. कायदा मी शिकलो होतो, परीक्षेत गुणही मिळवले होते.

दोन दिवसांनी त्या तरुणाकडे पुन्हा गेलो. त्याने दरम्यान एका अनुभवी मत्स्यपालकाला फोन केला होता. त्या गृहस्थाने पहिला प्रश्न विचारला : “धाकटा खातो का?” खात नव्हता. मग त्याने सांगितले की एक छिद्रांची पेटी टाकीत टांगा आणि मोठ्याला तीत ठेवा.

“मोठ्याला?” मी विचारले. “मार तर धाकटा खातोय.”

“म्हणूनच, फादर. धाकट्याला पेटीत घातलं तर बाहेरची सगळी जागा मोठ्याचीच राहते. धाकट्याला मोकळं फिरू द्यायचं, जागा ओळखू द्यायची.”

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घरात मी नेमके उलट करीत आलो होतो. बाजूला सरकण्याचा सल्ला मी नेहमी धाकट्यालाच दिला. कारण तो ऐकतो. आणि ‘खातेस का, झोप लागते का’ एवढा साधा प्रश्न मी त्या मुलीला विचारला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात तो विचारायला गेलो. ती आता भावाकडे राहते, शिवणकाम करते. तिचा मुलगा कॉलेजात आहे. मी क्षमा मागितली. ती बराच वेळ मशीनवरचे कापड सारखे करीत राहिली. मग म्हणाली, “फादर, उशीर झाला तुम्हाला.” आणि चहा ठेवायला उठली.

पेटी बारा दिवसांनी उघडली. मोठ्याने दोनदा पाठलाग केला, धाकटा आडवा होऊन थरथरला आणि प्रकरण तेथेच थांबले. आता दोघे एकाच कोपऱ्यात झोपतात. धाकटा खातो, शेपटी भरून आली आहे. ती रिकामी पेटी मात्र त्या तरुणाने टाकीतच टांगून ठेवली आहे. काढत का नाहीस, असे मी विचारले.

“राहू दे, फादर,” तो म्हणाला. “रोज बघतो. लागली तर हाताशी असावी.”