लाबान मामाची नोकरी



घरात कुणाची मुलाखत असली की आपण मिस्सा अर्पण करायला सांगतो, नोव्हेना म्हणतो. मागणी एकच : नोकरी लागू दे. मालक कसा आहे, हे मात्र आपण देवालाही विचारत नाही.

याकोबाचे पाहा. लाबान त्याचा सख्खा मामा. नात्यातला म्हणून फुकट कशाला राबतोस, मजुरी काय घेशील ते सांग, असे तो सुरुवातीला किती गोड बोलला! राहेलसाठी याकोबाने सात वर्षे चाकरी केली आणि पदरात पडली लेआ. थोरलीच्या आधी धाकटीला द्यायची आमच्यात रीत नाही, हे मामाने सांगितले ते काम करून घेतल्यावर. पुढे मजुरी दहा वेळा बदलली (उत्पत्ती 29 ते 31). भाच्यालाच मामा बनवले म्हणायचे! याउलट मत्तयच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी पहाटे स्वतः मजूर शोधायला जातो, आधी एक दिनार ठरवतो, मग कामाला पाठवतो आणि संध्याकाळी मजुरी चुकती करतो.

आपल्या धर्मग्रामातील एका मुलीला मुलाखतीत सांगण्यात आले की डिग्रीची मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे आमच्याकडे राहतील. पगार विचारला तर, ‘आधी जॉईन व्हा, मग बघू.’ रविवारच्या सुट्टीचे विचारले तेव्हा साहेब नुसते हसले. शिपायाशी ते ज्या भाषेत बोलत होते, ती तिने बाहेर बसूनच ऐकली होती. नमस्कार करून ती परत आली. वडिलांनी दोन दिवस अबोला धरला. मिस्सानंतर आम्हीही तिला म्हणालो, ‘बाळ, हातची नोकरी सोडू नये.’

आमचे चुकले. गरजेपोटी किंवा भीतीपोटी कामगार वाईट अटी मान्य करतो तेव्हा तो अन्यायाचाच बळी असतो, असे पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले आहे. कामगाराला धर्मकर्तव्यासाठी वेळ देणे हेही त्यांनी मालकाचे कर्तव्य ठरवले. हे आम्ही वाचले होते, पण आमच्याच मुलीशी बोलताना आठवले नाही.

घरात कर्जाचे हप्ते असतील तर नाही म्हणणे सोपे नसते. अशा घराच्या पाठीशी उभे राहायचे कुणी? शेजाऱ्यांनीच ना?

तिला अजून नोकरी लागलेली नाही. येत्या गुरुवारी अंधेरीला पुन्हा मुलाखत आहे. या वेळी वडील तिला सोडायला स्टेशनपर्यंत जाणार आहेत आणि पगार, कामाची वेळ, नेमणूकपत्र हे प्रश्न त्यांनीच तिला कागदावर लिहून दिले आहेत.