कोणी कुणाचं ऐकायचं?

परभणी तालुक्यातल्या पेडगावात दोन चुलतभावांनी घरातल्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला. भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकी गादीने बुजवली. थोरल्याने माइकचा आवाज संगणकात नेणारा महागाचा ऑडिओ इंटरफेस आणला. धाकट्याने 8 माइकचा जुना, स्वस्तातला कन्व्हर्टर आणून ऑप्टिकल केबलने इंटरफेसला जोडला. आषाढीच्या आधी गावच्या भजनी मंडळाकडून जनाबाईंचे अभंग गाऊन घ्यायचे ठरले. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. मंडळी हौसेने आली.

पहिलाच अभंग ऐकून पाहिला, तर मधूनमधून ‘टक्’ व्हायचे आणि आवाज क्षणभर तुटायचा.

“तुझं भंगार काढून टाक,” थोरला म्हणाला.

“एवढं महागाचं आणलंस, त्याला आवाज झेपंना व्हय?” धाकटा उसळला.

मग उपाय सुरू झाले. बफर 128 वरून 512 केला, केबल बदलली, वायरिंग तपासून पाहिले, परभणीहून नवा स्टॅबिलायझर आणला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! टक् काही जाईना.

मंडळाचे मृदंगाचार्य कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी मांडीवर बोटांनी मात्रा धरल्या आणि म्हणाले, “पोरांनो, हे वाटेल तेव्हा वाजत नाही. ठरल्या मात्रांनी येतंय. तार ढिली असती तर वेळीअवेळी वाजलं असतं. अन् सगळ्याच माइकांत हाये का?”

दोघांनी एकेक माइक वेगळा ऐकला. इंटरफेसला थेट लावलेले माइक स्वच्छ होते. कन्व्हर्टरमधून येणारेच तुटत होते. तेव्हा कुठे त्यांनी सेटिंग उघडले. दोन्ही यंत्रांचे क्लॉक ‘इंटर्नल’वर, म्हणजे आपापल्या घड्याळावर, होते.

दोन्ही यंत्रे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेत होती. पण प्रत्येक जण आपल्याच स्फटिकाच्या घड्याळावर. असे दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच चालत नाहीत. एकाचे 48,000 होईपर्यंत दुसऱ्याचे 48,001 झाले, की एक नमुना टाकून द्यावा लागतो, आणि तिथेच आवाज तुटतो. यंत्र एकही बिघडलेले नव्हते.

आता एकाने दुसऱ्याच्या घड्याळावर चालायचे होते. थोरला अडला. “माझं महागाचं यंत्र ह्याच्या मागं चालायचं?”

मृदंगाचार्य म्हणाले, “मंडळात ताल धरणारा एकच असतो. तो लहान का मोठा, कुणी इचारीत नाही.”

ऑप्टिकल केबल कन्व्हर्टरकडून इंटरफेसकडे जात होती. आवाजाबरोबर घड्याळाचा ठेकाही त्याच केबलमधून येत होता. म्हणून ऐकायचे इंटरफेसनेच होते. थोरल्याने मुकाट्याने त्याचे क्लॉक ‘ऑप्टिकल’वर केले. इंटरफेसवरचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. अभंग पुन्हा गायला, आणि पहिल्या टाळापासून शेवटच्या गजरापर्यंत आवाज एकदाही तुटला नाही.

तात्पर्य : दोघेही बरोबर असूनही काम बिघडू शकते. तेव्हा दोष कुणाचा हे ठरवण्याआधी दोष कुठे आणि कधी येतो ते नीट ऐकावे. आणि ज्याच्याकडून ताल येतो, तो धाकटा असला तरी त्याचे ऐकण्यात कमीपणा मानू नये.